ते उरलेलं पंचवीस टक्के

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून नवऱ्याने हिऱ्याच्या कुड्या घेतल्या, व्हाइट गोल्ड, 18 कॅरेट, हॉलमार्क बघून, अॅपवर दागिन्यावर कोरलेला सहा आकडी-अक्षरी ओळख क्रमांक, तो एचयूआयडी, टाकून खात्री करून, म्हणजे आमच्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. महिन्याभरात दोन्ही पाळ्या लाल, मग खाज, मग पाणी यायला लागलं. सासूबाई म्हणाल्या सोनं कधी कुणाला बाधतं का गं, घामाने झालं असेल, हळद-तेल लाव. लावलं. उशीचे अभ्रे पिवळे झाले, कान तसेच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी कानाकडे नीट बघायच्या आधीच विचारलं, जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ कधी चट्टा उठलाय? मी गप्प. कॉलेजपासून उठतोय की, आम्ही त्याला घामोळं म्हणायचो! मग पॅच टेस्ट. कशाची अॅलर्जी आहे ते बघायला पाठीवर निकेलसारख्या संशयित पदार्थांच्या चिकटपट्ट्या लावतात आणि 48 तास पाठ ओली करायची नाही. मे महिन्यात. मुंबईत. आणि मी रोज चर्चगेट स्लो लोकलमध्ये उभी, बाजूच्या बाईची मनातल्या मनात माफी मागत. पट्ट्या काढल्यावर निकेलची जागा टम्म लाल.

तर प्रकार असा आहे की 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं, उरलेलं 25 टक्के दुसरे धातू. 22 कॅरेटमध्ये, म्हणजे ते 916 लिहितात ना त्यात, 8.4 टक्के. पिवळ्या सोन्यात सहसा तांबं आणि चांदी, कधी जस्त. पण पिवळं सोनं पांढरं दिसायला त्यात निकेल नाहीतर पॅलेडियम घालावं लागतं, निकेल स्वस्त, पॅलेडियम महाग, पुढचं तुम्हीच ओळखा. वरून रोडियमचा चकचकीत मुलामा असतो, तो आहे तोवर सगळं ठीक, रोजच्या वापराने तो झिजला की घामात निकेल थोडं थोडं सुटतं आणि ज्याची कातडी आधीच चिडलेली आहे त्याची वाट लागते. ही अॅलर्जी एकदा लागली की सहसा जन्मभराची.

आता खरं सांगायचं तर मला ती कुड्यांनीच लावली असं मी म्हणणार नाही. कॉलेजात दुसरं भोक पाडलं ते गनने, आणि त्यात घातलं काय, तर लेडीज डब्यात हुकांना लटकवून विकायला आणतात ती दहा रुपयांची कानातली. ताज्या भोकात असला धातू जाणं हाच निकेलची अॅलर्जी लागायचा मोठा रस्ता. युरोपात यावर 1994 पासून कायदा आहे, दागिन्यातून आठवड्याला किती निकेल सुटलेलं चालेल याची हद्द ठरवलेली, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या काडीसाठी ती आणखी कडक. माझी पहिली भोकं मात्र गिरगावातल्या आमच्या सोनारकाकांनी टोचली होती, सोन्याच्या तारेने. ती म्हण उगाच नाही.

मग त्याच काकांकडे कुड्या घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून दांडी बघितली आणि म्हणाले, "अगं, शिक्का सोनं किती ते सांगतो. हीण कसलं ते कुठे सांगतो?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 16 जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, आपण सगळे खूष, पण तो बघायचा कशासाठी, तर मोडताना पैसे कमी यायला नकोत म्हणून. अंगाला चोवीस तास लागून काय राहणार आहे हा प्रश्न आपण विचारतच नाही.

आणि केडीएम! 2005 मध्ये माझ्या लग्नाची खरेदी करताना आई प्रत्येक दुकानात विचारायची, केडीएम आहे ना? मला वाटायचं काहीतरी सरकारी शिक्का असेल. काका हसले. पूर्वी टाका, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडायचा सांधा, लावायला तांबं वगैरे मिसळलेलं हलकं सोनं वापरायचे, त्यामुळे दागिना वितळवला की कस उतरायचा. मग कॅडमियम आलं, 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम असा टाका, तेच हे केडीएम, कस टिकतो, कामही सफाईदार. पण कॅडमियम 767 डिग्रीला उकळतं आणि सोनं वितळतं 1064 ला, म्हणजे सोनं पातळ व्हायच्या आत त्याचा धूर झालेला असतो. तो जातो फुप्फुसात, तिथून मूत्रपिंडात, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना आहे. घालणाऱ्या बाईला त्यातलं फारसं काही होत नाही, भोगतो तो समोर बसून नळी फुंकणारा. झवेरी बाजारातले ते माळे बघितलेत ना, वाकून चढायचं, दहा बाय दहात बंगाली कारागीर काम करणार, तिथेच जेवणार, तिथेच झोपणार. काका म्हणाले माझा एक दोस्त त्या धुरात खोकून खोकून गेला, आम्ही विडीला दोष दिला. आता जस्त वगैरे घालून टाका करतात, पण जुना केडीएम दागिना वितळवला की तोच धूर परत. आईचा तो प्रश्न आठवून मला कसंतरीच झालं.

घरी आल्यावर निकेल तपासायचं किट मागवलं (डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं), कापसाच्या काडीवर दोन थेंब, घासायचं, गुलाबी झालं तर निकेल. मी घर पालथं घातलं. जीन्सचं बटण गुलाबी, कपाटाची किल्ली गुलाबी, सेफ्टी पिना गुलाबी. मंगळसूत्राला काही नाही, आईच्या पाटल्यांना काही नाही. कुडीची दांडी आणि फिरकी, दोन्ही छान गुलाबी.

दुकानात फोन करून विचारलं, यात निकेल आहे की पॅलेडियम? "मॅडम, हंड्रेड पर्सेंट सर्टिफाइड आहे." तीनदा विचारलं, तीनदा तेच. नवरा म्हणाला सोड आता.

काकांनी दांडी आणि फिरकी 22 कॅरेट पिवळ्या सोन्याची करून देतो म्हटलंय, पाळीला टेकते ती मागची बाजूसुद्धा पातळ पत्र्याने झाकणार आहेत. दिसेल थोडं विचित्र, पुढून पांढरं मागून पिवळं, पण कान माझे आहेत. जुलैत दिल्या कुड्या, आठ दिवसांत देतो म्हणाले होते. काल फोन केला तर म्हणे गणपतीनंतर ये.