तुर्भ्यात जिरलेली उष्णता

तुर्भे एमआयडीसीत एक मोठी लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, रुग्णालयांचे गाऊन, सगळं गरम पाण्यात धुवायचं. तिच्या शेठचं दुखणं असं, की एप्रिल-मेमध्ये ऊन उतू जातं आणि जून ते सप्टेंबर छतावरचं सोलर नुसतं भिजत बसतं, बॉयलर पेटवावाच लागतो. त्यांनी कॅनडातल्या ओकोटोक्सबद्दल वाचलं होतं. तिथल्या ५२ घरांच्या वसाहतीत २००७ पासून उन्हाळ्याची उष्णता साधारण ३५ मीटर खोलीच्या १४४ बोअरमधून जमिनीत भरत आणि हिवाळ्यात घरं तापवायला परत काढत. आत जमीन ८० अंशांच्या आसपास जाई. "मॅडम, त्यांना बर्फात जमतं, मला पावसाळ्यात का नाही?"

प्रश्न चांगला होता. ती यंत्रणा जुनी झाल्यावर दुरुस्ती परवडेना आणि २०२४ मध्ये बंद करावी लागली, हेही मी त्यांना सांगितलं. पण आधी आपली जमीन काय म्हणते ते बघू, असं ठरलं.

ऑक्टोबरात एक चाचणी-बोअर मारलं, सव्वातीनशे फुटांचं. त्यात यू आकाराचा एचडीपीई पाइप सोडून भोवतालची पोकळी बेंटोनाइट-सिमेंटच्या घोळाने भरली. मग वर हीटर आणि पंप लावून सारख्या शक्तीने गरम पाणी फिरवत राहायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचं तापमान नोंदवायचं. निदान दोन दिवस, मध्ये वीज न जाता. सुरुवातीला जमीन २९ अंशांच्या आसपास होती. नियम असा, की पहिले काही तास पारा भराभर चढतो, मग चढ मंदावतो, पण थांबत नाही. त्या मंद चढावरूनच खडक उष्णता किती वाहून नेतो ते काढता येतं.

आमचा पारा ३९ ला थांबला. हलेचना.

पहिला संशय हीटरवर. क्लॅम्प मीटर लावला, करंट बरोबर. फ्लो मीटर ठीक. पाइपात हवा अडकली म्हणावी तर पंपाचा आवाज स्वच्छ. माझा सहकारी सेन्सर बदलायला निघाला होता, तेवढ्यात बोअरची गाडी न्यायला आलेले मामा म्हणाले, "ताई, १९० फुटांवर तांबडी माती लागली होती ना? तिथनं पाणी जोरात आलं होतं."

त्यांच्या वहीत ते लिहिलेलंही होतं. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये असा तांबडा पट्टा असतो आणि आजूबाजूच्या भेगांतून पाणी सरकतं. पारसिकच्या डोंगरात मुरलेला पाऊस उतारानं खाडीकडे निघालेला असतो, तोच आमची उष्णता बरोबर नेत होता. साठवणीसाठी खडकातलं पाणी जागेवर उभं हवं. वाहत्या पाण्यात उष्णता ठेवणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. बोअरची संख्या वाढवूनही फारसा फरक पडणार नव्हता, कारण ती सगळी त्याच पट्ट्यातून जाणार.

हीच चाचणी मेअखेरीस केली असती तर भेगा कोरड्या पडत आलेल्या असत्या आणि आलेख कदाचित गोड दिसला असता. आपल्याकडे ही चाचणी पावसाळ्यात किंवा लगेच नंतरच करावी, असं माझं तेव्हापासून पक्कं मत आहे. कोरड्या महिन्यातला आकडा मी तरी सहीसाठी पुढे करणार नाही.

शेठना आलेख दाखवला. थोडा वेळ बघत राहिले. "म्हणजे माझ्या पैशानं खाडीतल्या फ्लेमिंगोंना गरम पाणी?" तेवढं पुढपर्यंत जाणार नाही, वाटेत विरून जाईल, म्हटलं. अहवालात भूसाठवण वगळली. त्याऐवजी दोन-तीन दिवसांचं गरम पाणी धरणारी इन्सुलेटेड टाकी सुचवली.

शेजारच्या कोल्ड स्टोरेजचे मालक चहाला आले होते. त्यांच्या कॉम्प्रेसरची उष्णता तर कुठेतरी फेकायचीच असते. त्यांनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि मामांना विचारलं, "फुटाला काय घेता?"