बेन्झ १:६ : पट्टा एकदाचा सरकला!

मंडळी, कार्ल बेन्झच्या १८८६ च्या मोटारगाडीचं एक-षष्ठांश आकाराचं मॉडेल बनवतोय, त्यातला पट्टा अखेर सरकला! पट्टा नीट सरकत नाही हे मागच्या अपडेटमध्ये वाचून बऱ्याच जणांनी "टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टा) लाव आणि मोकळा हो" म्हणून सुनावलं होतं. ऐकलं नाही तेच बरं झालं.

१८८६ च्या मूळ गाडीत वेगळा क्लच नाहीच, पट्टा हाच क्लच. उभं फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) गाडी वळवताना अडवेल अशी कार्ल बेन्झला धास्ती, म्हणून त्यानं ते आडवं टाकलं. मग क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य शाफ्ट) उभा, फिरण्याची दिशा काटकोनात वळवणारा बेव्हल गिअर, तिथून सपाट पट्टा सीटखालच्या काउंटरशाफ्टवर (मधल्या आडव्या शाफ्टवर) आणि पुढे साखळ्या मागच्या चाकांना. डावीकडचा दांडा पुढे ढकलला की पट्टा लूज (शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या) पुलीवरून फास्टवर (शाफ्टला पक्क्या बसवलेल्या), मागे ओढला की ब्रेक. ९५४ सीसी, ४०० आरपीएम, पाऊण हॉर्सपॉवर. एवढ्या ताकदीला ही व्यवस्था झकास पुरते. माझ्याकडे मात्र पट्टा एक तर जागचा हलायचा नाही, नाहीतर फास्ट पुली ओलांडून थेट चेसिसच्या नळीवर.

आधी मटेरियल बदलत बसलो. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणली जाते, सुती नाडी घसरते. घड्याळाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं सोलून वापरलं, ते सगळ्यांत बरं, पण जोडावर ठकठक. एकावर एक शिवण्याऐवजी दोन्ही टोकं तिरकी तासून चिकटवली आणि ठकठक गेली. घसरणं होतं तसंच.

मग पुल्या. आमच्या टर्नरनं फास्ट आणि लूज दोन्हींना मधोमध केसभर फुगवटा काढून दिला. (ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पितळी पुल्यांच्या नादी लागू नका, बोअर (मधलं भोक) कधीच सेंटरला नसतो.) पट्ट्याला फिरवणारा ड्रायव्हिंग ड्रम दुप्पट रुंद आणि सपाटच ठेवला, पट्ट्याला तिथं इकडून तिकडं जायला जागा हवी. आता पट्टा घसरेना, पण सरकेही ना!

उत्तर सापडलं गावाकडच्या ऑइल इंजिनवरच्या पिठाच्या गिरणीत. तिथला काटा (पट्टा सरकवणारा दुबेळका) पट्ट्याला धरतो तो पट्टा पुलीवर चढतो त्या बाजूला. मी विकत घेतलेल्या ड्रॉइंगमध्ये तो सुटत्या बाजूला दाखवलाय! सुटणाऱ्या पट्ट्याला कितीही रेटा, पुलीवर त्याची जागा ठरते चढतानाच. शिवाय चालवल्या जाणाऱ्या पुलीवर चढणारी बाजू ढिली असते, त्यामुळे काट्याला जोरही लागत नाही. काटा फिरवून बसवला, दांडा ढकलला आणि पट्टा असा अलगद आला की मोटर चालूच ठेवून परत परत तेच करत बसलो. सुरुवातीला किंचित घसरतो, मग पकडतो. काउंटरशाफ्ट हिसका न देता फिरायला लागतो.

आता खरं तर इग्निशनचा नंबर. बेन्झलाही सगळ्यांत जास्त छळलं ते इग्निशननंच. ट्रेंबलर कॉइलच्या (ठिणग्या पाडणाऱ्या कॉइलच्या) जागी फडफडणारा एलईडी लावायचा बेत होता. पण उरलेलं चामडं पाहून ब्रेकला लावावं असं मनात आलं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झची बायको बेर्टाबाई दोन्ही मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत चांभाराकडून ब्रेकला चामडं लावून घेतलं होतं. पण ती गाडी तिसरं मॉडेल, लाकडी आऱ्यांची. मी बनवतोय ती बेन्झचं पहिलं मॉडेल, तारांच्या स्पोकची, तिच्यावर ते चामडं चालायचं नाही, आणि गिटारच्या तारांचे स्पोक इतके देखणे बसलेत की ते काढवणार नाहीत. म्हणजे दुसरी गाडी आलीच. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तोवर एलईडी थांबेल, कारण साखळी अडलीय. एक सप्लायर बारीक पिचची (जवळजवळ कड्यांची) रोलर चेन देतो, पण आख्खं बंडल घ्या म्हणतो. मला लागते जेमतेम मीटरभर. कोणी वाटून घेणार असेल तर बोला.