दोन नकाशे शेजारी ठेवून

नवीन अभियंत्याच्या हाती साइटवर नकाशांचे भेंडोळे आले की तो साहजिकच आर्किटेक्टचा प्लॅन आधी उघडतो, कारण त्यात खोल्या, दारे, जिना असे ओळखीचे काही दिसते; स्ट्रक्चरल ड्रॉइंग (कॉलम, बीम, स्लॅब आणि त्यांतल्या सळया दाखवणारा नकाशा) मात्र सळई बांधायची वेळ येईपर्यंत गुंडाळलेलेच राहते. या सवयीची मला काळजी वाटते. ज्या चुका पुढे तोडफोड केल्यावाचून सुधारत नाहीत, त्यांतल्या बऱ्याचशा हे दोन नकाशे एकमेकांशी ताडून न पाहिल्यामुळे झालेल्या मी पाहिल्या आहेत.

प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर इमारत आडवी कापून वरून पाहिल्यासारखे चित्र. म्हणून खिडक्या त्यात दिसतात, पण डोक्यावरून जाणारे बीम दिसत नाहीत, आणि दाखवलेच तर तुटक रेषेने. दोन्ही नकाशांना जोडणारा धागा म्हणजे ग्रिड, कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या उभ्याआडव्या रेषांचे जाळे: एका दिशेच्या रेषांना अक्षरे, दुसऱ्या दिशेच्या रेषांना आकडे. मी आधी एक कॉलम निवडतो आणि ग्रिड रेषा त्याच्या मध्यातून जाते की कडेवरून, हे दोन्हीकडे तपासतो. ३०० मिमीच्या कॉलममध्ये एवढ्यानेच १५० मिमीचा फरक पडतो, आणि लाइनआउट (जमिनीवरची आखणी) झाल्यावर तो शोधणे म्हणजे खोदाई पुन्हा करणे.

लेव्हलच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. आर्किटेक्टची लेव्हल बहुधा फरशी बसल्यानंतरची असते, स्ट्रक्चरल ड्रॉइंगमधली नुसत्या स्लॅबची. समजा या दोहोंत ७५ मिमीचा फरक आहे आणि दाराची उंची २१०० मिमी दिली आहे. लिंटेलचा (दारावरच्या आडव्या तुळईचा) तळ स्लॅबपासून २१७५ मिमीवर यायला हवा. तो कोणी २१०० वर धरला, तर फरशी बसल्यावर २०२५ मिमीच उरतात आणि तयार चौकट आत बसत नाही.

सळईच्या तपशिलात प्रत्येक आकडा महत्त्वाचा असतो. ‘१० मिमी, १५० मिमी अंतरावर’ याचा अर्थ १० मिमी जाडीच्या सळया, एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५० मिमी. ते अंतर २०० केले की स्लॅबमधले लोखंड थेट चतुर्थांशाने घटते. मात्र संख्येहून सळईची जागा अधिक पाहावी. बाहेर झुकलेल्या बाल्कनीच्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. बाकीच्या स्लॅबमध्ये ती खाली बांधायची सवय असल्याने फिटरचा हात तिथेही खालीच वळतो. एका साइटवर सळई बांधली होती अगदी ड्रॉइंगप्रमाणे, पण चेअर (वरची सळई उचलून धरणारे लोखंडी आधार) कमी पडल्या होत्या आणि माणसांच्या ये-जा करण्याने ती जाळी सुमारे ४० मिमी खाली दबली होती. स्लॅबच्या तळापासून १०० मिमीवर असायची सळई ६० वर आली, तर बाल्कनीची ताकदही किमान तितक्याच प्रमाणात घटते, आणि काँक्रीट ओतल्यावर ते कोणाला दिसत नाही. आम्ही काँक्रीट थांबवून जाळी उचलून घेतली.

पट्टी लावून मोजलेले माप कधीही वापरू नये. झेरॉक्स काढताना कागद लहानमोठा होतो, म्हणून लिहिलेले मापच खरे. आणि कोपऱ्यातल्या चौकटीतला रिव्हिजन क्रमांक व तारीख पाहिल्याशिवाय नकाशा भिंतीवर लावू नये. दोन नकाशांत विसंगती सापडली, तर साइटवर आपल्या मनाने मधला मार्ग काढण्याचा मोह होतो. तो मी कटाक्षाने टाळतो, दोन्ही नकाशांवर ती जागा लाल पेनाने गोल करून आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर या दोघांनाही एकाच वेळी लेखी विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत त्या भागाचे शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावू देत नाही.