पहिल्या स्कॅनमध्ये ‘काही नाही’ म्हणजे काय?

मेंदूच्या स्कॅनचे अहवाल लिहिणे हे माझे काम असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: “पहिल्या सीटी स्कॅनमध्ये तर काही नाही म्हणाला होतात, मग दुसऱ्या दिवशी मेंदूचा एवढा मोठा भाग निकामी झालेला कसा दिसला? आधी सांगता आले नसते का?” या प्रश्नात बहुधा थोडा राग असतो आणि तो मला गैर वाटत नाही, कारण ‘काही नाही’ हे शब्द आम्हीच घाईत उच्चारलेले असतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पक्षाघाताचा रुग्ण आल्यावर साध्या सीटीला आम्ही विचारतो ती पहिली गोष्ट एवढीच असते, की मेंदूत रक्तस्राव झालेला आहे का. कारण तो असताना गुठळी विरघळवणारे औषध दिले तर ते जिवावर बेतू शकते. रक्तपुरवठा तुटलेला भाग सीटीवर काळपट दिसण्यासाठी त्यात पाणी साचावे लागते, आणि त्याला काही तास लागतात. तोपर्यंत करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा किंचित पुसट होणे, एवढीच खूण कधी कधी मिळते. मधल्या मेंदूधमनीच्या क्षेत्राचे 10 भाग कल्पून, बिघडलेल्या प्रत्येक भागासाठी एक गुण वजा करण्याची ‘अ‍ॅस्पेक्ट्स’ ही पद्धत 2000 साली मांडली गेली, आणि ती उपयुक्त आहे. पण रात्री ज्या स्कॅनला मी आठ गुण दिले होते त्यालाच सकाळी शांतपणे पाहून सात दिल्याचे प्रसंग माझ्याही खाती आहेत. आता मी अहवालात ‘नॉर्मल’ हा शब्द टाळतो आणि ‘रक्तस्राव नाही, इतर बदल अद्याप दिसत नाहीत’ असे लिहितो.

खरा प्रश्न मात्र पुढे काय होणार हा आहे. निरोगी मेंदूच्या 100 ग्रॅम ऊतकाला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळते. हा पुरवठा सुमारे 20 च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत. 10 च्या खाली गेला की थोड्याच वेळात मरतात; अशा गेलेल्या भागाला आम्ही ‘गाभा’ म्हणतो. या दोन पातळ्यांच्या मधल्या, मुक्या पण जिवंत पट्ट्याला 1981 साली ‘पेनम्ब्रा’ म्हटले गेले. हा शब्द ग्रहणातला, आपल्याकडची ‘उपच्छाया’, आणि इतका नेमका शब्द वैद्यकाला क्वचितच सापडला असेल. रुग्णाचा लुळा पडलेला हात पाहून गाभा किती आणि उपच्छाया किती हे कोणालाही सांगता येत नाही, कारण दोन्हींची लक्षणे सारखीच असतात. परफ्युजन सीटीत शिरेतून दिलेले, स्कॅनवर उठून दिसणारे द्रव्य मेंदूच्या प्रत्येक भागात किती उशिरा आणि किती प्रमाणात पोहोचते हे मोजतात: सहा सेकंदांहून अधिक विलंब असलेला भाग संकटात, आणि निरोगी बाजूच्या 30 टक्क्यांहून कमी प्रवाह असलेला भाग बहुधा गेलेला, असे धरले जाते. एमआरआयमधील डिफ्युजन चित्र पाण्याच्या रेणूंची अडलेली हालचाल काही मिनिटांतच दाखवते, तर एमआरआयच्याच फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात तोच भाग उजळायला काही तास जातात. म्हणून झोपेतून लुळेपणा घेऊनच उठलेल्या रुग्णाचे डिफ्युजन उजळलेले आणि फ्लेअर कोरे असेल, तर घटना बहुधा साडेचार तासांच्या, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या मुदतीच्या, आतली आहे असे मानून ते औषध देता येते.

उपच्छाया किती वेगाने गाभ्यात बुडते, हे मुख्यतः आडवाटेने रक्त पोहोचवणाऱ्या छोट्या वाहिन्यांवर अवलंबून असते. मिनिटाला 19 लाख चेतापेशी मरतात हा प्रसिद्ध आकडा सरासरीचा आहे. एखाद्याचे सारे क्षेत्र दोन तासांत जाते, तर एखाद्याच्या मेंदूत 20 तासांनंतरही वाचवण्यासारखे बरेच उरलेले असते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ चाचणीत अशाच, 6 ते 24 तासांच्या दरम्यान आलेल्या रुग्णांना स्कॅनवरून निवडले गेले, आणि गुठळी ओढून काढलेल्यांपैकी 49 टक्के, तर न काढलेल्यांपैकी 13 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वावलंबी होते. तेव्हा स्कॅनचे भाकीत नेहमी सशर्त असते: गुठळी निघाली तर एक चित्र, नाही निघाली तर दुसरे.

त्यातही चूक होते. फार लवकर केलेल्या परफ्युजनमध्ये गेलेला दिसलेला भाग रक्त परतल्यावर सुखरूप निघतो. शिवाय मोठा गाभा दिसला की आम्ही पूर्वी हात आखडता घेत असू, पण 2022 आणि 2023 मधल्या चाचण्यांनी अशा रुग्णांनाही गुठळी काढण्याचा लाभ होतो हे दाखवले.

एका बाबतीत मात्र मी बराच ठाम असतो. पहिल्या 14 तासांत डिफ्युजनवरचा गाभा 145 मिलिलिटरच्या पुढे गेला असेल, तर मेंदूला जीवघेणी सूज येण्याचा धोका मोठा असतो, आणि मेंदूशल्यचिकित्सकांना मी लगेच फोन करतो. पण रुग्ण पुन्हा चालेल का, बोलेल का, असे विचाराल तर चित्र मला फारसे सांगत नाही: इंटर्नल कॅप्सूलमधला, म्हणजे हालचालींचे तंतू दाटीने जातात त्या मेंदूतल्या खोल, अरुंद पट्ट्यातला, बोराएवढा डागही अर्धे अंग लुळे पाडतो, आणि त्याच्या कित्येक पट मोठा डाग दुसरीकडे असला तर घरच्यांच्या लक्षातही येत नाही.