एका उपग्रहावरची मोजणी

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

मलेशियाचं ते २०१४ साली हरवलेलं विमान पुन्हा शोधायचं ठरलं. ३० डिसेंबर २०२५ पासून, अधूनमधून थांबत एकूण ५५ दिवस, असं जाहीर झालं. परवा बातमी आली आणि फॅमिली ग्रुपवर जुन्या पुड्या नव्यानं सुटल्या. कुणी म्हणतं पळवलं, कुणी म्हणतं कुठल्याशा बेटावर गुपचूप उतरवलं. भाऊजींशी वाद घालण्यात अर्थ नाही. मला त्या प्रकरणात अडकवून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती माझ्या पोटापाण्याच्या धंद्याशी जुळते.

मी जमिनीचा मोजणीवाला. सध्या कळंब तालुक्यात मांजरेकाठी रोजचं काम. सप्टेंबरच्या पुरानं बांध नेले, हद्दीचे दगड नेले, कुठं कुठं मातीच खरडून नेली. मग जो तो म्हणणार, माझं रान इथपर्यंत होतं. आज एका तात्यांच्या तुरीत रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारी काठी, उभा केला तर फिक्स, म्हणजे जागेचा पक्का आकडा, मिळेना. बाजूला मोठं लिंबाचं झाड, वर फांद्या. काठी हातात धरून बसलो. तात्यांनी तंबाखू मळत विचारलं, "सायब, तुमच्या या काठीला आभाळातनं समजतंय, मग ते इमान का घावंना?"

प्रश्न बिनतोड होता. म्हटलं, तात्या, या काठीला जागा सांगायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. त्या विमानाच्या वाट्याला एकच आला, आणि तोही जागा सांगणारा नव्हे, निरोप पोचवणारा.

८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं बोइंग ७७७, आत २३९ माणसं. त्यात पाच भारतीय. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचं शेवटचं बोलणं, दोनच मिनिटांनी रडारच्या पडद्यावरून नाव गायब. लष्करी रडारला मात्र ते मागं वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून अंदमानाच्या दिशेनं जाताना दिसलं, २ वाजून २२ मिनिटांपर्यंत. त्यानंतर रडारवर काही नाही. पण इन्मारसॅट या उपग्रहामार्फत निरोप पोचवणाऱ्या कंपनीचा उपग्रह होता. बराच वेळ काही बोलणं झालं नाही की पर्थजवळचं जमिनीवरचं केंद्र त्याच्यामार्फत विमानाला विचारायचं, आहेस का? आणि विमानातलं यंत्र आपोआप उत्तर द्यायचं, आहे. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत असं चाललं. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती लांब होतं ते निघालं. दिशा नाही, फक्त अंतर. म्हणजे नकाशावर एक मोठं वर्तुळ, आणि त्याच्यावर कुठंतरी ते विमान. उत्तरेला की दक्षिणेला, हे लहरींच्या वारंवारितेतल्या बारीक फरकावरून ठरवलं: दक्षिणेला, हिंदी महासागरात. ज्यांनी हे गणित मांडलं त्यांच्यापुढं मी हात जोडतो. त्यातली वारंवारितेची नोंद तर या कामासाठी ठेवलेलीच नव्हती.

आणि तरी सापडलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं जानेवारी २०१७ पर्यंत १ लाख २० हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळला. आपला आठ जिल्ह्यांचा अख्खा मराठवाडा ६५ हजारांच्या आतबाहेर. म्हणजे औरंगाबादपासून नांदेडपर्यंतचा सगळा मुलूख जवळजवळ दोनदा, तोही कुठं चार तर कुठं सहा किलोमीटर पाण्याखाली. मैलोगणती लांब दोराला सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ पाहणारं यंत्र, बांधून ते तळापासून शंभरेक मीटरवर ओढत न्यायचं, टोकाला गेलं की जहाज वळवायचं, पुन्हा उलटं. शेतात तासं घालावीत तसं. त्याआधी तर तळाचा धड नकाशाही नव्हता, तो आधी करावा लागला. त्यात बुडालेले ज्वालामुखी निघाले, एकोणिसाव्या शतकातली कोळसा वाहणारी दोन जहाजं सापडली. विमान सोडून सगळं!

तात्या म्हणाले, "मंग बुडालंच कशावरनं?"

जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या किनाऱ्याला पंखाचा एक तुकडा लागला, शिंपल्यांसारखे जीव चिकटलेला. तो त्याच विमानाचा ठरला. पुढं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी तुकडे मिळाले. पळवापळवीच्या गोष्टी खरं तर तिथंच संपायला हव्या होत्या. आमच्या ग्रुपवर त्या संपत नाहीत, तो भाग निराळा.

मला ऑस्ट्रेलियाच्या त्या शोधवाल्यांचं एक फार आवडलं. शोधून झालेल्या तळाची सगळी मापं त्यांनी जगासाठी खुली केली. त्यामुळं पुढच्याला तेच रान पुन्हा पायाखाली घालावं लागत नाही. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी नावाच्या कंपनीनं आपणहून चालणारी पाणबुडी यंत्रं सोडून आणखी १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर पाहिलं. तिथंही काही नाही. २०२५ मध्ये तीच कंपनी परत गेली होती, एप्रिलमध्ये हवामानापायी काम थांबवलं. डिसेंबर २०२५ च्या शोधासाठी ठरलेली नवी हद्द १५ हजार चौरस किलोमीटरची.

"अन् पैसं?" तात्यांचा मुद्द्याचा प्रश्न.

सापडलं तर ७ कोटी डॉलर. नाही सापडलं तर छदामही नाही, असा २०२५ मध्ये करार झाला.

तात्यांनी तंबाखू दाढेखाली सरकवली, माझ्या काठीकडं पाहिलं. "आन् तुम्ही आमच्याकडनं फी आधीच भरून घेता की वो."