ढब्बू-जिलेबीची लिटर डायरी: मखराचा कोपरा आणि चौदा विती

सशांना ट्रेमध्येच शी-शू करायला शिकवण्याच्या ह्या डायरीच्या मागच्या नोंदीत मी जरा जास्तच फुशारकी मारली होती, चार दिवस एकही अपघात नाही वगैरे, आणि पाचव्या दिवशी सकाळी ढब्बूने दादाच्या गादीवर बरोब्बर मधोमध तळं केलं. त्यामुळे ह्यावेळी लाजेच्या गोष्टींसकट सगळं लिहितेय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, पुण्यात वन बीएचके, माणसं तीन, ससे दोन. दुकानदाराने "दोन्ही माद्या आहेत, निवांत ठेवा" म्हणून दिले होते, त्यातली एक 'मादी' साडेचार महिन्यांची झाल्यावर सोफ्यावर, भिंतीवर आणि एकदा माझ्या ऑफिसच्या बॅगेवर शूचे फवारे मारायला लागली तेव्हा ढब्बीचा ढब्बू झाला. दोघांमध्ये त्याच दिवशी जाळी लावली. नंतर महिनाभर आम्ही सगळे जिलेबीच्या पोटाकडे बघत होतो, सशीण साधारण 31 दिवसांत विते, पण सुटलो.

ढब्बूचं न्यूटरिंग (खच्चीकरणाचं ऑपरेशन) होऊन आता सात आठवडे झालेत. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून फवारे बंद होतील अशी माझी समजूत होती, तसं काही होत नाही, शरीरातले हॉर्मोन उतरायला चार ते सहा आठवडे जातात आणि तेवढे दिवस नर बाप पण होऊ शकतो, म्हणून जाळी लगेच काढू नका. आणि ऑपरेशनच्या आधी कुणी उपाशी ठेवायला सांगितलं तर दोनदा विचारा, सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं तर उलट आतडी थंडावतात. आमच्या डॉक्टरांनी तर सोबत कोथिंबिरीची जुडी घेऊन यायला सांगितलं होतं.

आता ट्रे. पहिला ट्रे म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टिकचं घमेलं, स्वस्त आणि मस्त वाटलं. ढब्बू इमानदारीत आत जाऊन बसायचा, पण काठ उतरता असल्यामुळे बूड बाहेर लटकायचं आणि सगळी शू घमेल्याच्या मागे फरशीवर, आणि चेहरा असा की बघा मी जागेवरच केली. आठ दिवस मी त्याला ओरडत होते, चूक घमेल्याची होती. आता कपडे भिजवायचा चौकोनी उंच टब आणलाय, एका बाजूने दादाने कापून दार केलंय आणि कड घासून गुळगुळीत केलीय. खाली पेपर, त्यावर लाकडाच्या पेलेट (दाबलेल्या भुशाच्या गोळ्या), आणि एका टोकाला भरपूर गवत. गवत ट्रेमध्येच ठेवायचं, बाहेर नाही, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, तोंड एकीकडे चालू आणि मागून कारखाना चालू. हे एक केलं आणि बाहेरच्या लेंड्या निम्म्याने कमी झाल्या, मी रोज सुपलीत भरताना मोजते (हो, मोजते, हसू नका). आईने कढीपत्त्याच्या कुंडीत त्या घालायला सुरुवात केलीय, न कुजवता तशाच चालतात, कढीपत्ता जोरात आहे.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणला होता, दोघं शिंकायला लागले, प्लायवूडचा भुसा त्यात असतोच, टाकून दिला. मांजराचं गोळे होणारं लिटर (ट्रेमध्ये घालायची माती) अजिबात नको, ससे ते चावून बघतात आणि पोटात गोळा झाला तर संपलं.

गादीचं कोडं मात्र मला उशिरा सुटलं. आमची फरशी गुळगुळीत, त्यावर त्यांचे पाय घसरतात आणि शू उडते, मऊ जागेवर पाय पण स्थिर आणि शू पण लगेच मुरते. म्हणजे सशाच्या हिशोबाने गादी, पायपुसणं आणि सोफा हे संडास म्हणूनच केलेले आहेत. आता पायपुसणी उचलली, त्यांच्या वावरायच्या जागी घट्ट विणीची सतरंजी घातली, आणि दादाच्या खोलीचं दार बंद. गादीवर झालंच तर घासू नका, जुन्या सुती साडीने दाबून दाबून टिपायचं, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. ट्रेच्या तळाशी जो पांढरा खरवडून निघत नाही असा थर बसतो तो शूमधल्या कॅल्शियमचा, तो पण व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवला की सुटतो. आईने एकदा फिनेलने पुसलं, दिवसभर दोघं पलंगाखालून बाहेर आले नाहीत. ब्लीच तर शूवर कधीच ओतू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, माणसांनाही बाधतो.

मधे एक मोठा घाबरा प्रकार झाला. रविवारी सकाळी ट्रेमध्ये पेपरवर लालभडक डाग. मी चहा तसाच ठेवून ढब्बूला टोपलीत घातला आणि डॉक्टरांकडे. त्यांनी पट्टी बुडवून तपासली, रक्त नाही, नुसता रंग. आदल्या दिवशी बीटाचा पाला खाल्ला होता. सशाची शू पिवळी, केशरी, तपकिरी, लाल, दुधासारखी गढूळ काहीही असू शकते, पण डोळ्यांनी बघून रक्त की रंग ते ठरवू नका. आणि शिकलेला ससा अचानक सगळीकडे करायला लागला, जोर करतोय, थेंब थेंब होतंय, तर हट्टीपणा समजू नका, मूत्राशयाचा त्रास असू शकतो.

जिलेबीचं वेगळंच. ती ट्रेच्या बाबतीत शहाणी, पण पावसाळ्यात तिच्या बुडाला मऊ लेंड्या चिकटायला लागल्या. ह्या नेहमीच्या कोरड्या गोळ्या नाहीत, काळ्या तुतीसारखा चकचकीत घोस असतो, वासही उग्र, आणि एरवी ससा त्या थेट बुडालाच तोंड लावून खातो, त्या त्याला लागतातच. खाल्ल्या जात नाहीयेत म्हणजे काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे बिघाड म्हणजे आई, रोज दुपारी गुपचूप अर्धं केळं. केळं बंद, खायच्या पेलेट कमी, गवत वाढवलं, आठवड्यात साफ.

पण त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिला मांडीवर उलटं न करता नुसतं पुढचं अंग उचलून मोबाईलचा टॉर्च मारला तर केसांत रव्याच्या कणांसारखं पांढरं काहीतरी दिसलं. माशीची अंडी. माझे हात थरथरत होते. बारीक कंगव्याने एकेक काढली आणि तशीच तिला घेऊन गेलो, कातडीला काही झालं नव्हतं. एका दिवसात त्यातून अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी खातात, सकाळपर्यंत थांबायचा विषयच नाही. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बूड तपासणी, खिडक्यांना जाळ्या. अंघोळ घालायची नाही, चिकटलेलं कॉर्नफ्लोअर लावून सुटं करायचं, अगदीच नाही निघालं तर तेवढाच भाग कोमट पाण्यात आणि नंतर पूर्ण कोरडा.

आणि आता खरा प्रश्न. दोघांनी एकमताने निवडलेला कोपरा हा आमच्या गणपतीच्या मखराचा कोपरा आहे. हॉलचा ईशान्य कोपरा, आईच्या मते दुसरीकडे बसवायचा प्रश्नच नाही. तिथून बाल्कनीच्या दारापर्यंत मी हाताने मोजलं, चौदा विती. ट्रे रोज एक वीत सरकवायचा असं ठरलं. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा करून एकदम चार विती सरकवला, आणि ढब्बूने जुन्या जागी, मोकळ्या फरशीवर, माझ्याकडे बघत केली. परत मागे आणला, कोपऱ्यात व्हिनेगर, त्यावर पाण्याचं भांडं, आणि परत एकेक वीत. ट्रे बदलताना शूने ओला झालेला पेपरचा एक तुकडा मुद्दाम नव्या पेपरवर ठेवते, म्हणजे वासाने जागा ओळखतात.

आज सहावी वीत झाली, सलग सहा दिवस बाहेर शू शून्य, लेंड्या कालच्या सात. ट्रे सध्या टीव्ही आणि सोफ्याच्या बरोब्बर मधे आहे आणि घरातले सगळे तो ओलांडून जातायत. आठ विती बाकी, गणपतीला अकरा दिवस. दादाने मखराचा थर्माकोल नको म्हणून पुठ्ठा आणून ठेवलाय, तो मात्र जिलेबीने एका बाजूने खाल्लाय.