‘ब्रीड’च्या रकान्यात अडकलेला कोडा

काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) शेल्टरच्या, म्हणजे बेवारस जनावरांच्या निवाऱ्याच्या फॉर्मवर ‘ब्रीड’, म्हणजे जात, असा एक रकाना असतो. त्या रकान्यापायी कोडा नावाच्या एका वुल्फडॉगचा जीव जायची वेळ आली होती. आज तो सँक्च्युअरीत, म्हणजे अशा जनावरांना कायम सांभाळणाऱ्या संस्थेत, सुखरूप आहे, तरी ते दिवस आठवले की माझं डोकं तापतं. कोलोरॅडोत आपली बरीच मंडळी आहेत, उद्या कुणावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

कोडा आमच्या मागच्या घरातल्या भाडेकरूचा. हौसेने ब्रीडरकडून आणलेलं पिल्लू. मोठं झाल्यावर ते कुंपणाखालून उकरून बाहेर पडायला लागलं, तेव्हा त्याला साखळी लावली. घर सोडताना भाडेकरू त्याला तिथेच ठेवून गेला. मी फोन केला, शेल्टरची माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. इथवर सगळं सुरळीत झालं.

वुल्फडॉग म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. जास्त किंमत मिळावी म्हणून ब्रीडर लांडग्याचं रक्त फुगवून सांगतात, त्यामुळे ‘वुल्फडॉग’ म्हणून विकलेली कितीतरी जनावरं निव्वळ हस्की-मॅलम्यूट, म्हणजे लांडग्यासारखे दिसणारे कुत्रेच, निघतात. कोडा मात्र तसा नव्हता. लांबलचक पाय, अरुंद छाती, पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, कान आखूड आणि आतून केसाळ, शेपटीच्या वरच्या बाजूला काळसर ठिपका. अनोळखी माणूस दिसला की भुंकायचा नाही, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहायचा.

पण त्याच्या जुन्या व्हेटच्या (जनावरांच्या डॉक्टरच्या) कागदावर ‘हस्की मिक्स’ लिहिलेलं होतं, आणि शेल्टरने तेच उतरवून घेतलं. मी ज्या सँक्च्युअरीशी बोलत होते तिथे जागा होणार होती, मात्र त्यांना शेल्टरचं पत्र हवं होतं: हा वुल्फडॉग आहे आणि आम्ही तो तुमच्या ताब्यात देतो. शेल्टर म्हणे, आमच्या नोंदीत हा कुत्रा आहे, असं पत्र आम्ही देऊ शकत नाही. बरं, नोंद बदला म्हटलं, तर नोंद बदलली की त्यांच्या नियमाप्रमाणे तो कुणाच्या घरी दत्तक देता येत नाही, आणि ‘आम्ही घेतो’ असं कुठल्या संस्थेने लेखी दिलेलं नसेल तर त्याला इंजेक्शन देऊन मारायच्या यादीत टाकतात. सँक्च्युअरी पत्राशिवाय लेखी द्यायला तयार नाही. शेल्टर सँक्च्युअरीच्या लेखीशिवाय पत्र द्यायला तयार नाही. काउंटरवरची बाई दर वेळी तेच वाक्य त्याच आवाजात सांगायची आणि पुढच्या माणसाला हाक मारायची. मी बाहेर येऊन गाडीत रडले आहे.

या सगळ्याच्या मुळाशी रेबीज आहे. अमेरिकेत रेबीजची कुठलीच लस लांडग्याच्या संकरासाठी मंजूर नाही. डॉक्टर टोचतात, पण कायद्याच्या लेखी ती न टोचल्यासारखीच. कुत्रा माणसाला चावला तर त्याला 10 दिवस नजरेखाली ठेवतात. वुल्फडॉगला ती सवलत नाही, त्याला मारून मेंदू तपासायला पाठवू शकतात. म्हणून ‘वुल्फ’ हा शब्द कागदावर आणायला सगळेच घाबरतात. भीती मला समजते. पण त्या भीतीची किंमत पिंजऱ्यातल्या मुक्या जनावराने का मोजायची? काउंटीच्या कमिशनरांना मी हेच लिहून पाठवलंय.

तो वुल्फडॉग आहे हे सिद्ध करायला डीएनए तपासणी करायचा विचार केला होता. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तशी तपासणी होते, पण निकाल येईपर्यंत शेल्टर थांबेना. शेवटी सँक्च्युअरीच्या माणसांनीच सुचवलं: उभ्याचा, बाजूने, समोरून, पंजे आणि शेपटी जवळून, असे फोटो पाठव. ते पाहून त्यांनी स्वतःचा लेखी अभिप्राय दिला. तो घेऊन मी काउंटरवर न जाता थेट सुपरवायझरची वेळ मागितली. त्यांनी नोंदीतला बदल आणि ताबा देणं एकाच कागदावर, एकाच सहीने केलं. इतकं सोपं होतं ते! माझा सल्ला हाच: पहिल्या दिवसापासून सुपरवायझरला गाठा आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मागा.

जनावर सोडून दिल्याची मूळ मालकाची सहीही आधीच घेऊन ठेवा. तो एकदा दूर गेला की फोन उचलत नाही.

आमचं गाव सासवडच्या बाजूला. आई फोनवर म्हणाली, “अगं, मेंढरं नेणारं जनावर ते, त्याच्यासाठी तू सुट्ट्या टाकतेस?” मी तिला सांगितलं की 2023 मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातल्या माळरानावरही लांडग्यात कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलंय. तिथे भटक्या कुत्र्यांमुळे लांडगाच पुसला जायची धास्ती आहे. इथे माणसं मुद्दाम पैदास करतात आणि मग टाकून देतात. आई गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “सुटला का गं तुझा कोडा?”

सुटला. आता आठ फुटी जाळीच्या आत झाडं, खडक आणि त्याने स्वतः उकरलेला खड्डा आहे. कुंपणाच्या बुडाशी जमिनीतही जाळी पुरलेली असते. सोबतीला एक नसबंदी केलेली मादी आहे. अशी जनावरं एकटी ठेवली की खंगतात, म्हणून जागा देताना सँक्च्युअरी आधी जोडीचा विचार करते. नराची नसबंदीही झालेली लागते, ती शेल्टरमध्येच उरकून घ्या. खायला कच्चं मांस, हाडासकट. मी जाते तेव्हा तो जवळ येत नाही, लांबून बघतो आणि मग मादीच्या मागे निघून जातो. मला त्यात फार समाधान वाटतं, कारण आता त्याला माणसाची गरज उरलेली नाही.

हो, आणि न्यायच्या दिवशी सकाळी त्याला खायला घालू नका, ही जनावरं गाडीत फार ओकतात. पिंजरा लोखंडी घ्या, प्लास्टिकचा ती दातांनी फोडतात.